परमुलुखीं रोगानें मेलेले आमचे शिपाई

(पिशोर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजच्या विषयाचें नांव ऐकून कोणी विचारील कीं, कपाशी, मका आणि आल्याच्या भावाचें बोलणें सोडून या मास्तरांनीं बसऱ्याची कहाणी कशाला काढली? पिशोर कोठें, बसरा कोठें! प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीं देतों.

आपल्या शेजारापासूनच सुरुवात करूं. भोकरदनच्या अंगाला असई गांव आहे. १८०३ सालीं सप्टेंबरच्या २३ तारखेस तेथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेची व इंग्रजांची मोठी लढाई झाली. इंग्रजांकडे स्कॉटलंडच्या डोंगरांतले गोरे शिपाई होते आणि त्यांहून अधिक मद्रासेकडचे काळे शिपाई होते. लढाईनंतर जखमींचा दवाखाना अजिंठ्यास मांडला होता. त्यांतले जे वांचले नाहींत ते आपल्याच डोंगरांच्या मातींत मिळाले. त्या स्कॉटलंडच्या आईला आपला पोर कोणत्या मुलखांत गेला हें महिनोन् महिने कळलें नसेल, आणि कळलें तरी अजिंठा म्हणजे काय हें तिला कोण सांगणार? आतां हेंच चित्र उलटें करून पाहा. शंभर-सवाशें वर्षांनीं आपल्या मराठी मुलखांतलीं पोरें दुसऱ्याच्या लढाईसाठीं दर्यापार गेलीं आणि तिकडच्या मातींत मिळालीं. त्यांच्या आयांनाही बसरा म्हणजे काय तें कोणी सांगितलें नाहीं.

१९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें. तुर्कस्थान जर्मनीच्या बाजूस गेलें, तेव्हां इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांतून एक फौज इराकांत उतरविली. त्या काळीं त्या मुलखास मेसोपोटेमिया म्हणत. नोव्हेंबर १९१४ मध्यें बसरा बंदर हातीं आलें. या फौजेंतल्या मुख्य डिव्हिजनचें नांवच मुळीं ‘पूना डिव्हिजन’, नंबर सहावा. तींत गोऱ्या पलटणी होत्या, पंजाबी होते, राजपूत होते, आणि मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ नंबरच्या तीन पलटणी होत्या. मराठ्यांची भरती मुख्यत्वें सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणें या बाजूची. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर पांच भाऊ बसले म्हणजे त्यांतल्या एकाला हे ११ रुपये केवढे वाटत असतील, हें येथें बसलेल्या कोणासही समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आपला मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत होता. परंतु म्हणून आपला या लढाईशीं संबंध नव्हता असें नाहीं. हैदराबाद संस्थानचे भालेवाले स्वार सुवेझच्या कालव्यावर व पुढें पॅलेस्टाईनांत गेले. दिल्लीच्या तीन मूर्ति स्मारकांतला एक पुतळा त्यांच्या नांवाचा आहे. निजामानें इंग्रजांस लढाईच्या खर्चासाठीं लाखों रुपये दिले आणि १९१८ सालीं ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ हा किताब मिळविला. तो पैसा कोणाच्या शेतांतून निघाला? सारा भरणाऱ्याच्या. तेव्हां आपल्या पणजोबांच्या खळ्यावरूनही या लढाईचा खर्च उचलला गेला होता. पिशोरांत बसऱ्याची गोष्ट काढण्याचें हें एक कारण झालें. दुसरें पुढें येईल.

फौज म्हटली म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढें बंदूकवाला उभा राहतो. परंतु बंदूकवाल्याच्या मागें पखालवाला असतो, खेचरें हांकणारा असतो, जखमींची डोली वाहणारा असतो. स्वयंपाकी, परीट, मोची, न्हावी, नालबंद, सफाईवाला असतो. सरकारी बोलींत या सगळ्यांस ‘फॉलोअर’, म्हणजे मागून येणारे, असें म्हणत. पगार कमी, मान त्याहून कमी. गोळी मात्र दोघांस सारखीच लागे आणि रोग तर यांनाच आधीं गांठी. पुढें माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां तुरुंगांतले हजारों कैदी या मुलखांत मजुरीस नेले. आज येथें सुतार, लोहार, चांभार, परीट मंडळी बसली आहेत. लढाईच्या इतिहासांत आमचें काय काम, असें त्यांनीं मनांत आणूं नये.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. १९१५ च्या अखेरीस जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन बगदाद जिंकावयास निघाला. बगदादच्या अलीकडे सलमान पाक म्हणून ठिकाण आहे. तेथें नोव्हेंबरच्या २२ तारखेपासून भयंकर लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचीं चार हजारांवर माणसें ठार व घायाळ झालीं. एवढ्या जखमींस न्यावयास धड गाड्या नव्हत्या, बोटी नव्हत्या. बिनकमानीच्या खेचरगाड्यांत मोडक्या हाडांचीं माणसें घालून खडबडीत रस्त्यानें नदीपर्यंत आणलीं. तेथून उघड्या तराफ्यांवर आणि बोटींवर कोंबून बसऱ्याकडे लाविलीं. वाटेंत कित्येक दिवस मलमपट्टी नाहीं, हगवण लागलेल्यांस आडोसा नाहीं. मेजर कार्टर नांवाच्या डॉक्टरनें त्यांतली एक बोट बसऱ्यास लागतांना पाहिली. तिच्या दोन्ही बाजू घाणीनें माखलेल्या होत्या आणि आंत माणसें त्याच घाणींत पडलीं होतीं. त्यानें वर कळविलें, तर वरिष्ठांनीं त्यालाच दमदाटी केली. परंतु त्यानें लिहून ठेविलें होतें. १९१७ सालीं विलायतेंत चौकशी कमिशनचा अहवाल बाहेर आला, त्यांत हें सगळें छापलें गेलें आणि हिंदुस्थान खात्याचा मंत्री चेंबरलेन यास राजीनामा द्यावा लागला. एका माणसानें जें पाहिलें तें लिहिलें, तर मंत्र्याची खुर्ची हालते! हें ध्यानांत ठेवा, कारण पुढें आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

उरलेली फौज मागें हटून टायग्रिस नदीच्या वळणांत वसलेल्या कूत या गांवीं आली. ७ डिसेंबर १९१५ रोजीं तुर्कांनीं वेढा पुरा केला. आंत सुमारें दहा हजार लढणारे, साडेतीन हजार फॉलोअर आणि शिवाय गांवकरी. वेढा जवळ जवळ पांच महिने चालला.

येथें जें घडलें तें आमच्या मतें प्रत्येक बाईनें व प्रत्येक शेतकऱ्यानें नीट ऐकण्यासारखें आहे, कारण ती चुलीची गोष्ट आहे. वेढ्यांत गोऱ्या सोजिरांस एक रोग झाला आणि आपल्या माणसांस दुसरा. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात. कोंडा काढलेल्या पिठांत जें सत्त्व नसतें त्याच्या अभावीं त्यांस बेरीबेरी झाला. पाय सुजूं लागले, धाप लागूं लागली. आपली माणसें कोंड्यासकट दळलेला आटा खात, त्यांस तो रोग झाला नाहीं. पुढें पांढरें पीठ सरलें आणि सोजिरांसही आटा व जवाचें पीठ खावें लागलें, तेव्हां त्यांचा बेरीबेरी ओसरला. म्हणजे गरिबाची भाकरी साहेबाच्या पावाहून सरस ठरली.

परंतु आपल्या माणसांस दुसऱ्या रोगानें धरलें. त्याचें नांव स्कर्व्ही. हिरड्या सुजतात, दांत हलतात, जुन्या जखमा उकलतात, पायांत त्राण राहत नाहीं. हा रोग ताज्या भाजीपाल्याच्या, आंबटाच्या अभावीं होतो. गोरे घोड्याचें मांस खात होते, त्या ताज्या मांसानें त्यांचा थोडाफार बचाव झाला. आपल्या शिपायांस मिळे आटा, डाळ आणि थोडें तूप. आतां विचार करा. सातारच्या कुणब्याच्या घरीं काय नसेल तें नसेल. पण भाकरीवर कांदा, हिरवी मिरची, चुक्याची किंवा अंबाडीची आंबट भाजी, उन्हाळ्यांत कैरी, आणि गाडग्यांत मोड आलेली मटकी एवढें असतेंच. ज्या गोष्टीची घरीं कोणी किंमत केली नाहीं तीच गोष्ट सरकारी शिध्यांत नव्हती, आणि तिच्या वांचून धडधाकट माणसें झिजून मेलीं. मोड आलेल्या कडधान्यांत स्कर्व्ही हटविण्याचा गुण आहे, हें १९१७ सालीं लंडनच्या लिस्टर संस्थेंतील हॅरिएट चिक व मार्गारेट ह्यूम या दोन विदुषींनीं प्रयोगानें सिद्ध केलें. आमच्या आज्या ती उसळ पिढ्यान् पिढ्या करीत आल्या. मात्र अख्ख्या दाण्यासच मोड येतो, भरडलेल्या डाळीस येत नाहीं. आणि शिध्यांत येई ती डाळ.

घोड्याचें मांस आपल्या माणसांनींही खावें म्हणून हुकूम झाले. धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागविल्या. तरी पुष्कळ जण अखेरपर्यंत बधले नाहींत. कां? त्यांना जीव नको होता असें नव्हे. परत गेल्यावर गांव काय म्हणेल, जात पंक्तींत घेईल कीं नाहीं, पोरीचें लग्न कोठें जुळेल, हा धाक त्यांच्या मानेवर बसला होता. कोणी विद्वान त्यांस अडाणी म्हणतात. आम्ही म्हणणार नाहीं. हजारों मैलांवर, भुकेनें पोट पाठीस लागलें असतां, ज्या धाकानें माणूस तोंडाजवळचा घांस दूर सारतो, तो धाक त्याच्या मनांत घालणाऱ्या व्यवस्थेस विचारा. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज १८७३ सालापासून हेंच विचारीत आला आहे. एप्रिल उजाडला तेव्हां पीठ दिवसाला माणशीं दहा-बारा तोळ्यांवर आलें, आणि मग बहुतेकांनीं तें मांस पत्करलें. पण तोंवर पुष्कळांच्या शरीरांत कांहीं उरलें नव्हतें.

धान्य होतें तर दळावयास जातीं पुरेनात. जात्यांचे दगड विमानांतून खालीं टाकले! माणसें शेताच्या बांधावरचा पाला खुडून शिजवूं लागलीं, त्यांतल्या विषारी पाल्यानें कांहीं दगावलीं. नदीचें गढूळ पाणी, हगवण, ज्वर, थंडी. वेढ्यांतल्या त्या महिन्यांत सातशेंहून अधिक माणसें निव्वळ रोगानें मेलीं. सोडवावयास आलेल्या फौजेचीं वीस हजारांवर माणसें घायाळ व ठार झालीं, तरी वेढा उठला नाहीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत पडलें.

पुढची हकीगत थोडक्यांत सांगतों. ती लांबविण्यास जीभ धजत नाहीं. कैद झालेल्या, उपाशी माणसांस पहिल्या मुक्कामीं कडक बिस्किटें दिलीं. तीं खाऊन कित्येक पोट धरून तेथेंच गेले. मग उन्हाळ्यांत पायीं शेंकडों मैल. मोसुलवरून रास-अल-ऐन या ठिकाणीं आणून आपल्या माणसांस रेल्वेच्या कामावर जुंपलें. अंगावर चिंध्या, पायांत जोडे नाहींत, पुढें हिंवाळा, उवा आणि त्यांबरोबर येणारा ज्वर. गोऱ्या सोजिरांपैकीं निम्म्याहून अधिक कैदेंत मेले. हिंदी माणसांचा हिशेब तर नीट ठेवलाच गेला नाहीं. शेंकडों जणांपुढें ‘पत्ता लागत नाहीं’ एवढाच शेरा. आणि जनरल टाउनशेंड? त्यास तुर्कांनीं इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला, आणि कैदेंत असतांनाच इंग्रज सरकारनें त्यास ‘सर’ केलें. रोग कोणाचें तोंड पाहत नाहीं हें खरें. बगदाद जिंकणारा जनरल मॉड हाही १९१७ च्या नोव्हेंबरांत पटकीनें मेला. परंतु रोग कोणाच्या वाटेस आधीं जातो, तें मात्र माणसाच्या हुद्यावरून ठरतें.

इराकच्या सबंध मोहिमेंत इंग्रज सरकारच्या फौजेंतलीं बारा हजारांवर माणसें रोगानें मेलीं, गोळीनें नव्हे. आणि लढाई संपतां संपतां, १९१८ च्या जूनमध्यें मुंबई बंदरांत मानमोडीची सांथ उतरली. तिनें या देशांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. जे वांचून घरीं आले त्यांतल्या कित्येकांस घरीं दिवा लावणारें कोणी उरलें नव्हतें.

येथें आपल्याच बाजूचें एक सांगणें भाग आहे. भरतीस हातभार लावणाऱ्यांत आमच्या चळवळीचे पुढारीही होते. छत्रपति शाहू महाराजांनीं भरतीस पाठिंबा दिला. आपल्या लोकांची निष्ठा पाहून सरकार त्यांस विद्या देईल, हक्क देईल, ही आशा होती. ती अगदींच खोटी ठरली असें नाहीं. लढाईनंतरच्या सुधारणांत मुंबई कौन्सिलांत मराठे व तत्सम जातींसाठीं ७ जागा राखून ठेवल्या गेल्या. महार बांधवांची भरती तर सरकारनें आधींच्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. गरज पडली तेव्हां १९१७ सालीं १११ नंबरची महार पलटण उभी केली, आणि गरज सरतांच थोड्याच वर्षांत मोडली. कौन्सिलांतल्या खुर्च्या मोजतांना रास-अल-ऐनची मढीं कोणीं मोजलीं नाहींत, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आतां दुसरें कारण. कूतच्या वेढ्यांत कल्याणकुमार मुखर्जी नांवाचे एक बंगाली डॉक्टर होते. तेही कैद झाले आणि १९१७ सालीं रास-अल-ऐन येथेंच तापानें वारले. त्यांनीं घरीं पत्रें लिहिलीं होतीं. त्यांची आजी मोक्षदादेवी लिहिणारी बाई. तिनें तीं पत्रें जुळवून नातवाचें चरित्र लिहिलें, आणि १९२८ सालीं तें छापलें गेलें. म्हातारीनें आपल्या नातवास मरूं दिलें नाहीं! त्याच छावणींत, त्याच तापानें मेलेल्या आमच्या जाधवाचें, शिंद्याचें, पखालवाल्या गड्याचें असें पुस्तक कां नाहीं? त्यांच्या आज्यांची माया उणी होती काय? त्यांच्या घरांत अक्षर नव्हतें. पोरास पत्र लिहावयाचें तर दुसऱ्याच्या हातानें, आणि घरीं आलेलें वाचावयाचें तर दुसऱ्याच्या तोंडून. मुलीस शाळेंत कशाला घालावयाचें, असें अजून कोणी आमच्यापाशीं बोलतो, तेव्हां आम्हांस ही मोक्षदादेवी आठवते.

आणि सरकारनें तरी काय केलें? बसऱ्यास १९२९ सालीं मोठें स्मारक उभारलें. ज्यांचीं थडगीं सांपडत नाहींत अशा चाळीस हजारांवर माणसांचें तें स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचीं कोरलीं. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आंकडा. अमुक पलटण, आणखी इतके इतके. संबंध माणसाचा आंकडा झाला! १९९७ सालीं सद्दाम हुसेनच्या हुकुमानें तें स्मारक हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ओसाडींत नेलें. सातारा-रत्नागिरीकडे कित्येक गांवांत त्या वेळच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवरही या गांवांतून इतके गेले, पैकीं इतके मेले, एवढाच मजकूर. साताऱ्याच्या अपशिंगे गांवचे ४६ जण त्या लढाईंत कामास आले असें तें गांव अभिमानानें सांगतें. त्या ४६ पैकीं प्रत्येकास नांव होतें, बाप होता, वावर होतें.

एप्रिल २०२१ मध्यें या थडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननें स्वतः अहवाल छापून कबूल केलें कीं, हिंदी व आफ्रिकी माणसांचें स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनें केलें गेलें नाहीं, आणि त्यामागें वर्णभेद होता. अशीं ४५ ते ५४ हजार माणसें, असा त्यांचा अंदाज. त्यांनीं माफी मागितली. शंभर वर्षांनीं कां होईना, मागितली हें बरें झालें. पण माफी कोणी स्वीकारावयाची, तर त्यांच्या वारसांनीं. आणि वारसांस तर पणजोबा कोठें गेला हेंच ठाऊक नाहीं.

म्हणून आज आम्हीं एक काम घेऊन यावयाचें ठरविलें. कमिशनची मेलेल्यांची यादी आतां इंटरनेटवर फुकट पाहावयास मिळते. दगडावर नांव नसलें तरी त्या यादींत पुष्कळ शिपायांचीं नांवें आहेत, आणि अनेकांपुढें बापाचें नांव, गांव, जिल्हा असा तपशील आहे. इंग्रजांनीं मराठी नांवें कशींही लिहिलीं आहेत, तेव्हां एकाच नांवाचे चार तऱ्हेचे स्पेलिंग करून पाहावें लागतें. सातवी-आठवीचीं पोरें हें काम मोबाईलवर हंसत खेळत करतात. कामानिमित्त, लग्नसंबंधानें सातारा, कोल्हापूर, कोंकणाकडून इकडे आलेलीं घरें आहेत. इकडून तिकडे दिलेल्या लेकी आहेत. त्यांनीं घरांतल्या म्हाताऱ्या माणसांस विचारावें : आपल्यांतलें कोणी बसऱ्यास गेलें होतें काय? नांव, पलटणीचा नंबर, आठवेल तें वहींत लिहून शाळेंत आणून द्यावें. लिहितां येत नसेल तर येऊन नुसतें सांगावें. लिहून घेण्यास आम्ही बसलों आहों.

आणखी एक. त्या लढाईंत मेलेल्यांच्या वारसांस सरकारनें ब्राँझची एक जाड चकती दिली होती. वीतभराहून लहान, वर एक उभी बाई व सिंह, आणि कडेला चौकटींत मेलेल्याचें नांव. हुद्दा नाहीं, पलटण नाहीं, गोरा-काळा भेद नाहीं, नुसतें नांव. दिसावयास ती पितळेसारखी दिसते, त्यामुळें अशा वस्तू ट्रंकेच्या तळाशीं पडून राहतात आणि एके दिवशीं मोडींत जातात. घरीं अशी चकती असेल तर ती विकूं नका. आणि येथें तांबट, कासार व भंगार घेणारी मंडळी बसली आहेत, त्यांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, अशी चकती कोणी घेऊन आला तर तागडींत घालण्याआधीं तिच्यावरचें नांव वाचून घ्यावें आणि तें शाळेंत कळवावें.